मोटर नंतर, आधी तार

हलणारं शिल्प करायचंय म्हणून लगेच आर्डुइनो (मोटर-सेन्सर चालवणारा छोटा प्रोग्रामेबल बोर्ड) आणि सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर) घ्यायची घाई करू नकोस. शिल्पकार नाउम गाबोने 1919-20 मध्ये एक उभी पोलादी काडी विजेच्या मोटरने थरथरवली. मोटर चालू असली की हवेत भरीव आकार दिसतो, बंद केली की उरते नुसती काडी. तंत्र एवढंसंच, पण नेमक्या जागी.

शिल्पकार अलेक्झांडर काल्डर तर शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मोटरी लावून पाहिल्या, मग काम वाऱ्यावर सोपवलं. माझ्या मते ते बरंच झालं. मोटर तेच तेच करते.

तूही आधी मोबाइलच (तारांवर तोललेलं, वाऱ्याने हलणारं टांगतं शिल्प) कर, आणि खालून वर. सगळ्यात खालच्या तारेच्या दोन्ही टोकांना पत्र्याचे तुकडे अडकव, तार बोटावर तोल, तोल साधेल तिथे कडी वळव. ही अख्खी जोडणी मग वरच्या तारेच्या एका टोकाला. वरून सुरुवात केलीस तर प्रत्येक नवा तुकडा आधीचा तोल बिघडवणार. कडी सैल ठेव. पंख्याखाली टांगू नकोस, नुसतं भेलकांडत राहतं.

सेन्सरचीच हौस असेल तर निकोलस शोफरचं 1956 चं ‘सिस्प 1’ हे शिल्प शोधून बघ. प्रकाश, रंग, आवाज ओळखून ते हलायचं.