पहिल्या गिगला जाण्याआधी

पहिल्यांदाच गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला जाताय आणि मुंबईत लोअर परळच्या अँटीसोशल क्लबसारख्या छोट्या जागेपासून सुरुवात करताय, हे फार बरं. ड्रमरचे हात इतक्या जवळून मोठ्या मैदानात कधीच दिसत नाहीत.

सगळ्यात आधी कान सांभाळा. बंद जागेत आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो आणि तेवढ्या आवाजात १५ मिनिटंच सुरक्षित मानतात. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते घालाच. संगीत थोडं दबतं, पण मजा जात नाही. नंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर आवाज जास्त झाला समजा.

नवखे धावत जाऊन स्पीकरला चिकटतात. त्यापेक्षा साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ उभे राहा. तो तिथे ऐकूनच आवाज जुळवतो, त्यामुळे बेस आणि गायक दोन्ही नीट पोचतात.

बाकी थोडक्यात:
- पहिला, अनोळखी बँड चुकवू नका. मला आवडलेले कितीतरी बँड असेच सापडले.
- तिकिटावरची वयाची अट वाचा, ओळखपत्र ठेवा.
- शेवटची लोकल आधीच बघून ठेवा.
- बँड आवडला तर त्यांच्याकडूनच टी-शर्ट घ्या, दोन शब्द बोला. बिचकू नका, त्यांनाही ते हवं असतं.

गिटारचा अँप, पेडल वगैरे उपकरणांच्या खोलात आत्ता नको. दोन-तीन गिग होऊ देत, मग विचारा.