वाचकांचे प्रश्न : संकल्प दुसऱ्या महिन्यात का थंडावतात?

प्रश्न : दरवर्षी मी डायरीत संकल्पांची यादी करते. व्यायाम, नियमित वाचन, एक नवी भाषा, चारचौघांत न घाबरता बोलणे आणि राग आवरणे हे पाचही विषय त्या यादीत कित्येक वर्षे ठाण मांडून आहेत. एकवीस दिवसांत सवय लागते असे ऐकले होते. या वेळी व्यायामाचे एकवीस दिवस पूर्णही झाले. पण नंतर आजारपणामुळे खंड पडला आणि सारेच बारगळले. माझी इच्छाशक्ती कमी आहे का?

उत्तर : इच्छाशक्ती कमी असती तर व्यायाम एकवीस दिवसही टिकला नसता, त्यामुळे ती शंका बाजूला ठेवू. एकवीस हा आकडा मात्र भरवशाचा नाही. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांचा अभ्यास केला, त्यात प्रत्येकाने दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाण्यासारखी एखादी साधी कृती १२ आठवडे रोज करायची होती. ती अंगवळणी पडण्याचा काळ माणसागणिक १८ ते अंदाजे २५४ दिवस असा निघाला आणि मधला आकडा ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही, असेही त्यांना आढळले. म्हणजे तुमची सवय अजून मुरत होती आणि खंड पडणे हा त्या वाटेवरचा नेहमीचा प्रसंग होता. उणीव एवढीच, की खंडानंतर परत कसे यायचे हे आधी ठरलेले नव्हते. माझ्या मते संकल्पाच्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवण्यासारखे वाक्य ते आहे : ‘आजारपणानंतर ज्या दिवशी कामावर रुजू होईन, त्याच संध्याकाळी दहा मिनिटे चालून येईन.’

आता यादीकडे वळू. तिच्यातील पाच गोष्टी एका जातीच्या नाहीत. व्यायाम आणि वाचन या कृती आहेत, न घाबरता बोलणे हा दीर्घ सरावाचा परिणाम आहे आणि राग आवरणे ही ऐन वेळी द्यायची प्रतिक्रिया आहे. या सर्वांना एकाच ओळीत बसवले की त्यांपैकी कशासाठी उद्या सकाळी नेमके काय करायचे, हे डायरी सांगू शकत नाही.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या संशोधनाचा दाखला ध्येयांच्या चर्चेत हमखास दिला जातो : ‘जमेल तेवढे करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि अवघड उद्दिष्ट दिले तर माणसे अधिक चांगले काम करतात. त्याला जोडलेली अट मात्र क्वचितच सांगितली जाते. ते काम करण्याची क्षमता अंगी असावी लागते. रूथ कॅन्फर आणि फिलिप अॅकरमन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विमान वाहतूक नियंत्रणाचे नवखे काम शिकणाऱ्यांना अगदी सुरुवातीलाच कामगिरीचे उद्दिष्ट दिल्यावर त्यांची कामगिरी सुधारण्याऐवजी खालावली, कारण शिकण्याकडे द्यायचे लक्ष उद्दिष्टाने खाल्ले. सभेत बोलण्याच्या बाबतीत तुम्ही अशाच शिकाऊ आहात. भीती वाटू न देणे आपल्या हाती नसते. प्रत्येक बैठकीत एक तरी प्रश्न विचारणे आणि त्याचे पहिले वाक्य आधी लिहून नेणे हे हाती असते. तूर्त उद्दिष्ट तेवढेच ठेवा. भीतीचा हिशेब नंतर करता येईल.

रागासाठी पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेली ‘अमुक घडले तर तमुक करीन’ ही पद्धत वापरून पाहा. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा असा प्रसंगाशी बांधलेला इरादा स्पष्टपणे अधिक फळतो असे दिसले. ‘शांत राहीन’ असे लिहिण्याऐवजी ‘माझा आवाज चढू लागला, तर आधी समोरच्याचे म्हणणे माझ्या शब्दांत एकदा परत सांगेन’ असे लिहावे. वाचनालाही हाच नियम लावून वेळ आणि जागा ठरवा.

पाचांपैकी दोनच गोष्टी पुढील तीन महिन्यांसाठी निवडाव्यात, असा माझा आग्रह राहील. नवी भाषा कोणाशी बोलायची किंवा कशासाठी वाचायची याचे उत्तर आज तुमच्यापाशी नसेल, तर तो संकल्प सरळ खोडून टाका. केवळ शोभा म्हणून यादीत राहिलेला संकल्प दरवर्षी अपराधीपणा तेवढा वाढवतो.

प्रश्न : आपले ध्येय इतरांना सांगावे की मनातच ठेवावे?

उत्तर : काय सांगता यावर ते अवलंबून आहे. ‘मी लेखक होणार’ अशी घोषणा केली आणि ऐकणाऱ्यांनी तिची दखल घेतली, की माणसाला आपण लेखक झाल्याचेच थोडेसे समाधान मिळते आणि प्रत्यक्ष मेहनत ढिली पडते, असे गोल्विट्झर यांच्याच २००९ मधील प्रयोगांतून दिसले. उलट केलेल्या कामाची नोंद ठेवणे उपयोगी ठरते, आणि ती नोंद लेखी असली किंवा दुसऱ्याला कळवली तर तिचा उपयोग वाढतो, असा १३८ अभ्यासांच्या २०१६ मधील आढाव्याचा निष्कर्ष आहे. म्हणून इरादा फार जणांना सांगू नका. एकच विश्वासू व्यक्ती निवडा आणि आठवड्याच्या शेवटी तिला फक्त झालेले काम कळवा : किती पाने लिहिली, किती दिवस चुकले.