मराठीच्या बाईंना स्पॅनिश जड का जातंय?

'ताई, मी ४१ वर्षांची. मुलुंडच्या एका शाळेत १७ वर्षं मराठी शिकवते. नवऱ्याची कंपनी त्याला तीन वर्षांसाठी स्पेनला, वालेन्सियाला पाठवतेय. ऑगस्टमध्ये मी आणि १० वर्षांचा मुलगा त्याच्याबरोबर जाणार. शनिवार-रविवार ठाण्याला स्पॅनिशच्या क्लासला जाते. वर्गात सगळी विशीतली पोरं. सर इंग्रजीतून शिकवतात, पोरं भराभर उत्तरं देतात आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. घरी मुलगा मोबाइलवर अ‍ॅप लावून शिकतो आणि माझे उच्चार ऐकून हसतो. नवरा म्हणतो, "तुला कुठे ऑफिसला जायचंय? आम्ही दोघं आहोत ना बोलायला." क्लास सोडून देऊ का? शिवाय नोकरीचं काय करायचं तेही कळत नाही. माझी पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. पोरांना व्याकरण शिकवणारी मी स्वतःच ढ ठरतेय. तुम्हीच सांगा.'
– एक बाई, मुलुंड

बाई,

क्लास सोडलास तरी चालेल. स्पॅनिश सोडू नकोस.

ढ वगैरे काही नाहीस तू, द्राविडी प्राणायाम करते आहेस. सर स्पॅनिश सांगतात, तू त्याचं इंग्रजी करतेस, इंग्रजीचं मराठी करतेस आणि त्याच वाटेने परत येतेस. तोवर विशीतल्या पोराने उत्तर देऊन टाकलेलं असतं. मधलं इंग्रजी काढून टाक आणि बघ.

'मला आंबा आवडतो' घे. इंग्रजीतून येणाऱ्याला इथे घाम फुटतो, कारण त्याच्याकडे 'मी' कर्ता होऊन बसलेला. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता'. 'मे' म्हणजे 'मला'. आवडणारी वस्तू एक असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'गुस्तान'. आंबा आवडतो, आंबे आवडतात. चतुर्थी तू रोज फळ्यावर लिहितेस, अजून काय शिकायचंय? क्रियापदं पाहा. 'आब्लो' म्हणजे बोलते, 'आब्लास' म्हणजे बोलतेस. दुसऱ्या पुरुषाच्या शेपटीला तिथेही 'स'. म्हणूनच आपल्यासारखंच त्यांनाही दर वाक्यात 'मी', 'तू' म्हणावं लागत नाही, क्रियापदावरून कळतं. आणि पत्रात तू मला 'तुम्ही' म्हटलंस, मी तुला 'तू' म्हणतेय, ते तिकडे 'उस्तेद' आणि 'तू'. हो, 'तू'च. तोही आपल्या दंत्य 'त'चा. इंग्रजी माणसाला तो 'त' आणि 'द' घोटावा लागतो, तुला तो आईकडून मिळालाय. मुळाक्षरांत आपण निव्वळ पाठांतरापुरता ठेवलेला 'ञ' त्यांच्याकडे रोजच्या वापरात आहे.

पोर्तुगीजांनी वसई-मुंबईत ठेवून दिलेले शब्दही कामाला येतील, कारण पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी. बटाटा तिथे 'पाताता'. आपला पगार तिथे 'पागार', पण अर्थ पैसे देणे. आणि आपल्या मेस्त्रीचा भाऊबंद 'माएस्त्रो', त्याचं स्त्रीलिंग 'माएस्त्रा' म्हणजे शाळेतल्या बाई. म्हणजे तूच.

मराठी दगा देते तेही सांगते. आकारान्त म्हटलं की आपल्याला पुल्लिंग दिसतं: मुलगा, घोडा, आंबा. तिकडे बहुतेक वेळा 'आ' बाईचा आणि 'ओ' बाप्याचा. 'निन्या' मुलगी, 'निन्यो' मुलगा. नपुंसकलिंगी नामं नाहीतच, तेवढी पीडा कमी. 'मी' म्हणजे 'माझा', इथे तुझी जीभ हमखास घसरणार. आणि आपल्या एका 'आहे'साठी त्यांची दोन क्रियापदं आहेत. 'एस्तोय आबुर्रिदा' म्हणजे मी कंटाळले आहे. 'सोय आबुर्रिदा' म्हणजे मी कंटाळवाणी आहे. याला मराठीचा इलाज नाही, घोकायचं.

एक दोनशे पानी वही कर. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे स्पॅनिश, सुरुवातीला देवनागरीत. व्याकरणाचा तास जसा आखतेस तशी आख, आणि या तासाला विद्यार्थीही तूच. मोठ्याने बोल, भांडी घासताना बोल.

आता नवरा. तो प्रेमाने बोलला असेल, पण ते वाक्य चालवून घेऊ नकोस. मागे आम्ही चार वर्षं चेन्नईला होतो. माझी लेक कॉलनीत खेळता खेळता तमिळ शिकली आणि मी निर्धास्त राहिले. एकदा डॉक्टरांकडे गेले, माझं दुखणं बायकांचं. समोर दुभाषी म्हणून सात वर्षांची पोर. डोकं दुखतं एवढंच सांगून परत आले. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे तमिळ शिकायला बसले, म्हणजे तीन वर्षं उशिरा.

शिवाय तुझ्या लेकालाच कमी ताप आहे का? वालेन्सियाच्या शाळांत स्पॅनिशच्या जोडीला वालेन्सियन ही तिथली स्वतःची भाषाही असते. आज हसणारा तो पहिले काही महिने तोंड एवढंसं करून घरी येईल. तेव्हा त्याला आई लागेल. दवाखान्यात त्याला तुझा दुभाषा करून नेऊ नकोस. आणि त्याचं ते अ‍ॅप बहुधा लॅटिन अमेरिकेच्या उच्चारांचं असणार. वालेन्सियात 'ग्रासियास'मधला (म्हणजे 'धन्यवाद'मधला) पहिला 'स' जीभ दातांत धरून म्हणतात. तेव्हा हसण्याची पाळी तुझी.

राजीनामा घाईने देऊ नकोस. आधी संस्थेला बिनपगारी रजेसाठी लेखी अर्ज कर. नवऱ्याला कोणत्या प्रकारचा परवाना मिळतोय तेही विचार, काही प्रकारांत जोडीदारालाही काम करता येतं. तुझी दोन नावं जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. तो, पदवी आणि मुलाचा जन्मदाखला, तिन्हींवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, करून घे. हा शिक्का मानणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ पासून आहे. शिक्क्याच्या आधी राज्याच्या पातळीवर पडताळणी लागते, तिला वेळ धर. मग स्पेनने मान्यता दिलेल्या अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर.

सामानात मेतकूट, गोडा मसाला, भाजणी खुशाल भर. तूप आणि पेढे मात्र नाहीत, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. सासूबाईंना आत्ताच सांग, विमानतळावर रुसवा नको. मिक्सर चालेल, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, फक्त पिनेला अ‍ॅडॉप्टर लागेल. कुकर इंडक्शनवर चालणारा घे. तांदळाची काळजी नको, पाएया हा भाताचा प्रकार त्यांच्याच गावचा. दुपारी छोटी दुकानं बंद असतील. हे पुणेकराला सांगावं लागत नाही, पण तू मुलुंडची.

तिथे पोचल्यावर नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते, 'एम्पाद्रोनामिएन्तो' म्हणतात तिला. तिथे प्रत्येकाची आडनावं दोन, एक वडिलांकडचं, एक आईकडचं, आणि लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. तुम्हा नवरा-बायकोचं एकच आडनाव पाहून समोरचा कदाचित तुम्हाला भाऊ-बहीण समजेल. तुझ्या नावामागे लावलेलं नवऱ्याचं नाव त्याला तुझंच दुसरं नाव वाटेल आणि तो तुला त्याच नावाने हाक मारेल. त्या खिडकीपाशी तू स्वतः जा, नवऱ्याला मागे बाकावर बसव. वहीतलं पहिलं वाक्य त्यासाठीच लिहून घे: 'एस्ते एस एल नोम्ब्रे दे मी मारिदो.' हे माझ्या नवऱ्याचं नाव आहे.