शस्त्रक्रिया कोणी करून घ्यावी?

प्रश्न : मी नरखेड तालुक्यातील एका गावात राहते. मला सहा आणि तीन वर्षांच्या दोन मुली आहेत. आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे आणि कापूस वेचायला मी दुसऱ्यांच्या वावरातही जाते. सासूबाईंचे म्हणणे असे की मुलासाठी आणखी एकदा पाहावे. पाहायचे नसेल तर ऑपरेशन मीच करून घ्यावे, कारण यांनी केले तर अंगातली ताकद जाईल, मग शेती कोण करील? यजमान स्वतः तयार आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, यजमान तयार आहेत ही तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात कुटुंबनियोजनासाठी स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर विसंबणारी जोडपी ३७.९ टक्के होती आणि पुरुषाच्या शस्त्रक्रियेवर विसंबणारी अवघी ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी आहे. पोट उघडावे लागत नाही, जागा बधिर करून काही मिनिटांत ती होते, आणि त्यात फक्त शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद केली जाते. ताकद देणारे संप्रेरक रक्तातून पसरते. त्याचा या नळीशी संबंध नाही. सासूबाईंची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. १९७६ साली आणीबाणीत नसबंदीची जी सक्ती झाली, तिची धास्ती पुढच्या पिढ्यांपर्यंत उतरली आहे.

आता कष्टांचा हिशेब पाहा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे बाई ज्या दिवशी वावरात गेली नाही त्या दिवशी हातात काहीच येत नाही. नागपुरात माझ्याकडे आलेली एक बाई मला विसरता येत नाही. बोंडांच्या टोकांनी तिची बोटे ओरबाडलेली होती, आणि ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी कापसाचे गाठोडे उचलल्यामुळे पोटावरची जखम चिघळली होती. विश्रांती घ्यायची असते हे तिला ठाऊक होते, पण घरात त्या आठवड्याचे पैसे दुसरे कोणी आणणार नव्हते.

मुलासाठी धरलेला आग्रह हाही पुष्कळदा म्हातारपणाचा आणि जमिनीचा प्रश्न असतो. ‘आम्हाला कोण पाहील?’ असे सासूबाई विचारत असतील, तर त्यांना सांगा की २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकली आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि केंद्राने २००५ मध्ये. गावोगावी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात हे मी जाणते, परंतु तुमच्या दोन्ही मुलींवर तशी सही करण्याची वेळ कोणी आणू नये, हे आजपासून घरात बोलले गेले पाहिजे. शिवाय तिसऱ्या खेपेला मुलगाच होईल याची हमी नाही, आणि मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरते, त्यामुळे दोन मुलींचा बोल तुम्ही मुळीच लावून घेऊ नका.

दोघांचाही निर्णय अजून पक्का नसेल, तर घाई करू नका. नसबंदी पुन्हा उलटवता येईलच असे नसते. तोवर तांबी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. निर्णय पक्का असेल, तर सासूबाईंनाही सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ताकदीविषयीची शंका त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी झाल्यावर, मार्चच्या सुमारास यजमानांनी शस्त्रक्रिया करून घेतली, तर दोन दिवसांची विश्रांती आणि आठवडाभर जड कामाला सुट्टी देणे सहज जमते. शस्त्रक्रियेनंतर लगेच संरक्षण मिळत नाही. तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून त्यात शुक्राणू नाहीत असा अहवाल हाती येईपर्यंत निरोध वापरणे आवश्यक आहे, आणि ती तपासणी पेरणीच्या धांदलीत राहून जाते, म्हणून तिची तारीख आधीच लिहून ठेवा.