फियाटला 14 चा टायर ‘बसतो’, पण चालतो का?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये इंजिन, कार्ब्युरेटर, गंज यातलं काहीच नाही, सगळे टायरच्याच मागे लागलेत. पावसाळा तोंडावर आला की असंच होतं. पहिलं पत्र मुद्दाम मोठं घेतलंय कारण त्यातलं गणित बाकी सगळ्यांना लागू पडतं, नंतरची उत्तरं भराभर.

प्रश्न : नमस्कार सर, वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे फियाटच) आहे, बरीच वर्षं शेडमध्ये पडून होती, आता इंजिनकाम करून बाहेर काढली. टायर पार गोटा झालेत, साइडला भेगा पण आहेत. त्यावर 5.20-14 लिहिलंय. आमचा टायरवाला म्हणतो हा साइज आता विसरा, वॅगनआरचे 155/65 आर 14 टाका, 14 म्हणजे 14, आरामात बसतो. मुलगा म्हणतो 175/65 टाकू, रुंद दिसतील. मी दोघांच्या मध्ये अडकलोय. – एक वाचक, सातारा

उत्तर : टायरवाला खोटं बोलत नाहीये हो. बसेल तो. रिमचा व्यास 14 इंच, टायरचा आतला व्यास 14 इंच, चढेल, हवा भरली जाईल, गाडी दुकानातून बाहेर पण पडेल. पण 14 हा आकडा फक्त टायरच्या भोकाचा आहे, टायर उभा किती आहे ते त्यात कुठेच नाही, आणि जुन्या गाडीला आधी तीच उंची बघायची असते.

कागद-पेन घ्या. 5.20 म्हणजे टायरची रुंदी इंचात, मिलिमीटरमध्ये 132. साइडची उंची त्या काळात टायरवर लिहीतच नसत, पण या जुन्या जातीच्या नायलॉन टायरच्या (आतले धागे तिरके असलेल्या) साइडची उंची रुंदीच्या साधारण 95 टक्के धरायची, म्हणजे 125 च्या आसपास. वर 125, खाली 125, मध्ये 14 इंची रिम म्हणजे 356. झाले साधारण 606-607 मिलिमीटर. कंपनीगणिक थोडं इकडे तिकडे होतं पण आपल्या कामापुरतं पुरे.

आता वॅगनआरचा घ्या. यात पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा साइडची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि आर म्हणजे रेडियल, आतले धागे सरळ आडवे असलेली नवी जात. 155 चे 65 टक्के म्हणजे जेमतेम 101. दोन्ही बाजू आणि रिम मिळून 557. म्हणजे मूळ टायरपेक्षा तब्बल 50 मिलिमीटर बुटका! गाडी जमिनीकडे 25 मिलिमीटर खाली आली, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर कसे असतात ते मी तुम्हाला सांगायला नको. मडगार्डखाली अख्खा पंजा जाईल एवढी पोकळी दिसेल ते वेगळंच. शिवाय मीटर गिअरबॉक्सवरून फिरतो, त्याला टायर बदललाय हे कोण सांगणार, तो 60 दाखवेल तेव्हा गाडी 55 ने चालत असेल. आणि त्याच वेगाला इंजिन 9 टक्के जास्त फिरेल. खंबाटकी घाट चढताना गाडी उलट थोडी हलकी वाटेल, मालक खूश होईल, पण खाली हायवेला लागल्यावर ते 1089 सीसीचं इंजिन जे आधीच 70-75 ला ओरडत असतं ते अजून वरच्या पट्टीत जाईल.

मुलाचा 175/65 उंचीत तेवढा वाईट नाही, 583 भरतो. त्याची अडचण रिमची आहे. या टायरला कमीत कमी 5 इंच रुंद रिम लागते आणि पद्मिनीची पत्र्याची मूळ रिम त्याहून बरीच अरुंद. तरी चढवला तर दोन्ही कडा आत दाबल्या जातात, वरचा भाग फुगतो, टायर मधूनच झिजायला लागतो आणि वळणावर साइड दुमडते. रस्त्याला टेकतो तो मधला पट्टाच, म्हणजे रुंद टायरचे पैसे देऊन अरुंद टायर घेतल्यासारखं. स्टिअरिंग आधीच जड, पॉवरबिवर काही नाही, ते पार्किंगला अजून जड होईल. दिसायला छान दिसेल हे मान्य, पण आपल्याला गाडी चालवायची पण आहे ना.

रिमची रुंदी मोजायची पद्धत सांगतो कारण इथे भलेभले चुकतात. टेप बाहेरच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत लावायची नाही. टायर काढलेल्या रिमवर, दोन्ही बाजूंना वर उठलेल्या ओठांच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत मोजायचं, टायरची कड जिथे टेकते तिथे. बाहेरून मोजलं तर जवळपास इंचभर जास्त येतं आणि मग माणूस साडेतीन-चारच्या रिमला साडेचार-पाचची समजून टायर घेऊन येतो. बऱ्याच रिमवर आकडा ठोकलेला असतो, पण रंगाच्या थराखाली गेलेला असतो, वायरब्रश मारून बघा.

मग टाकायचं काय? गणितात सगळ्यात जवळचा 155/80 आर 14, 604 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तोच. इंग्लंडमध्ये मॉरिस मायनरवाले पण हेच करतात, तिच्या नंतरच्या गाड्यांचा पण साइज 5.20-14 च, आणि तिथे 145 किंवा 155 चे रेडियल सर्रास वापरतात. आपल्याकडे 155/80 मध्ये 13 इंची बघायला मिळतो, 14 शोधावा लागतो, पण शोधा. नाहीच मिळाला तर 165/80 आर 14, स्विफ्ट-डिझायरवाला साइज, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. उंची 620, मूळपेक्षा 2 टक्के जास्त, मीटरवर 60 तर खरे 61, काही बिघडत नाही. पण याला रिम किमान 4 इंच हवी. तुमची 4 भरली तरच, साडेतीन असेल तर नाही, तिथे 145/80 बघा, तो 588 भरतो, जरा बुटका पण चालण्यासारखा.

आणि चारही एकदम घ्यायच्या आधी एकच चढवून बघा. पुढे लावा, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, आतल्या बाजूला कुठे घासतोय का ते वाकून बघा. मग तोच मागे लावा, मागच्या सीटवर तिघांना बसवा आणि पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबल्यावर मडगार्डच्या आतल्या कडेपासून किती अंतर राहतं ते बघा, बोट आरामात फिरलं पाहिजे. स्टेपनी डिकीत तिच्या जागी बसते का ते पण आत्ताच बघून घ्या. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

वजनाची काळजी नको. गाडी रिकामी 900 किलोच्या आसपास, माणसं सामान धरून 1300 धरा, एका चाकावर सव्वातीनशे-साडेतीनशे. टायरवर साइजच्या पुढे 75 असेल तर तो 387 किलो झेलतो, 79 असेल तर 437, स्विफ्टच्या टायरवर 85 असतो तो 515 किलोचा.

5.20-14 दुकानातून गेला कसा, तर हा साइज जगवला होता मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी येणं 2000 च्या आसपास थांबलं, शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला रजिस्टर झाली आणि 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. रोज चालणारं गिऱ्हाईक गेल्यावर दुकानदार माल कशाला भरून ठेवेल. तरी कुठे नव्या तारखेचा नायलॉन मिळाला आणि तुम्ही रविवारी गावात फिरवण्यापुरतीच गाडी काढत असाल तर जरूर घ्या, गाडीचे पाटे-स्टिअरिंग त्याच टायरवर बेतलेले आहेत, चालते छान. आणि हो, गाडी 50 वर्षांची झाली की 2021 च्या नियमाप्रमाणे व्हीए सिरीजचा व्हिंटेज नंबर घेता येतो, तुम्हाला थोडीच वर्षं आहेत, तो नियम चासिस, बॉडी आणि इंजिनमधले मोठे बदल बघतो, रेडियल टाकले म्हणून काही अडणार नाही.

प्रश्न : घरची अँबेसिडर आहे, पुढचे टायर लवकर झिजतात म्हणून पुढे दोन रेडियल टाकले (195/65 आर 15), मागे जुने नायलॉन 5.90-15 चांगले आहेत ते ठेवले. एक मिस्त्री म्हणाला असं करू नका. का ते सांगितलं नाही. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मिस्त्री बरोबर आहे, आणि हे पावसाच्या आधी बदला. रेडियलची साइड मऊ असते, वळणावर साइड वाकते पण खालचा पट्टा रस्त्याला सपाट चिकटून राहतो. नायलॉनची साइड ताठ, वळणावर पूर्ण टायरच कलतो आणि पकड आधी सोडतो. तुम्ही पुढे पकड वाढवली आणि मागे जुनीच ठेवली, म्हणजे ओल्या रस्त्यावर पुढची चाकं वळतील आणि मागचा भाग बाहेर जाईल, मागच्या चाकांनी ओढणाऱ्या त्या वजनदार गाडीत हे सावरणं सोपं नाही. दोन्ही जाती ठेवायच्याच असतील तर रेडियल मागे आणि नायलॉन पुढे, एवढंच चालतं. एकाच एक्सलवर एक रेडियल एक नायलॉन तर कधीच नाही, आणि हे स्टेपनी लावताना लोक हमखास विसरतात. मागच्या एक्सलवर दोन उंचीचे टायर आले तर सरळ रस्त्यावर पण डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) सतत फिरत राहतं. पंक्चर काढेपर्यंत ठीक, महिनाभर नाही.

साइज पण बघा जरा. 5.90-15 ची उंची 666 च्या आसपास, तुमचा 195/65 भरतो 634. वर त्याला साडेपाच इंची रिम लागते, तेवढी मूळ पत्र्याची रिम नसते. 175/80 आर 15 असता तर 661, अगदी जवळ. 165/80 आर 15 ला 645. यातला जो ताज्या तारखेचा मिळेल तो चारही चाकांना आणि स्टेपनीला घ्या. आणि पुढचे लवकर का झिजतात ते आधी शोधा, किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) आणि अलाइनमेंट न बघता टायर बदलत राहिलात तर रेडियल पण तसेच जातील.

प्रश्न : माझ्या फोक्सवॅगन बीटलला 165/80 आर 15 ट्यूबलेस घेतले. आता पंक्चरवाला म्हणतो आत ट्यूब टाका. ट्यूबलेसमध्ये ट्यूब? आणि हवा किती भरू, तो सगळीकडे 32 भरतो. – एक वाचक, म्हापसा

उत्तर : साइज छान निवडलात, मूळ 5.60-15 ला तो अगदी जवळचा. ट्यूबचं रिमवर अवलंबून आहे. टायर काढल्यावर रिमच्या आत जिथे टायरची कड बसते त्याच्या शेजारून बोट फिरवा, गोल चक्कर मारून जाणारा बारीक उंचवटा लागतो का बघा. तो उंचवटा हवा कमी झाली तरी कड जागेवरून सरकू देत नाही. उंचवटा असेल आणि रिम गंजलेली नसेल तर ट्यूबलेस चालवा. नसेल तर ट्यूब टाकायची, आणि ती रेडियलसाठीची म्हणून मागून घ्यायची, कारण रेडियलची साइड जास्त हलते आणि साधी ट्यूब आत घासून जाते. टाकायच्या आधी टायरच्या आतल्या बाजूला चिकटवलेले स्टिकर काढा, आतून हात फिरवून कुठे खरखरीत रेघ लागते का बघा, आणि फ्रेंच चॉक (ट्यूब घासू नये म्हणून लावायची पांढरी पावडर) मारा.

32 मात्र अजिबात नको! बीटलचं इंजिन मागे, पुढे डिकी आणि पेट्रोलची टाकी, त्यामुळे पुढच्या चाकांवर वजनच नाही. नायलॉनला पुढे 16-18 आणि मागे 24 च्या आसपास असायचं, रेडियलला पुढे 18 आणि मागे 27 च्या आसपास ठेवा. पुढे 32 भरलंत तर स्टिअरिंग अधांतरी वाटेल. पंक्चरवाला हसेल, त्याच्या समोर उभं राहून गेज बघा.

प्रश्न : इकडे एक एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली आहे, तारांची चाकं. कागदपत्रात 155 एसआर 14 लिहिलंय, त्यात टक्केवारीच नाही. 155/70 चालेल? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : नाही. जुन्या रेडियलवर टक्केवारी लिहिलेली नसेल तर ती 80-82 समजायची. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंतचा. म्हणजे तुम्हाला 155/80 आर 14 किंवा 165/80 आर 14, बंद टपाच्या एमजीबी जीटीला 165 च यायचा. तारांच्या चाकात ट्यूब हवीच, स्पोकच्या प्रत्येक भोकातून हवा जाते, आणि ट्यूबच्या आधी रिमवर रबरी पट्टी, नाहीतर स्पोकची टोकं ट्यूबला टोचतात.

प्रश्न : एका दुकानात जुन्या स्टॉकमधले न वापरलेले टायर अर्ध्या किमतीत मिळतायत, नक्षी पूर्ण, चकाचक. घेऊ का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : साइडला डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा, शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. 2314 असेल तर 2014 सालचा 23 वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर 2000 च्या आधीचा, दुकानदाराला नमस्कार करून निघा. कायद्याला 1.6 मिलिमीटर नक्षी पुरते, पण जुन्या गाड्यांचे टायर झिजून थोडेच मरतात, ते उभ्या उभ्या सुकून मरतात. रबर कडक होतं, ओल्या रस्त्यावर पकड जाते आणि एक दिवस वेगात असताना वरचा पट्टा सोलून निघतो. चकाचक दिसण्यावर जाऊ नका, पॉलिश मारतात. साइड अंगठ्यांनी दाबून वाकवा आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बॅटरीच्या उजेडात बघा, केसाएवढ्या भेगा असतील तर तिथेच दिसतात. मी स्वतः 5 वर्षांपेक्षा जुना ‘नवा’ टायर विकत घेत नाही, आणि लावलेले 10 वर्षांनंतर नक्षी असली तरी उतरवतो. अर्ध्या किमतीत मिळतोय तो बैलगाडीला चालेल.