तीस दिवसांची कादंबरी आणि कॉलेजचं वेळापत्रक

या महिन्यात बडोद्याहून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे: कॉलेज सांभाळून महिन्याभरात कादंबरी लिहिता येईल का? त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत. नावं न छापण्याची विनंती जवळजवळ सगळ्यांनीच केली होती, ती पाळली आहे.

प्रश्न: मी एस.वाय. बी.कॉम.ला आहे, कारेलीबागेत राहते. महिन्यात 50,000 शब्द लिहिण्याचा एक उपक्रम असतो असं ऐकलं. मला मराठीतच लिहायचंय. रोज 1,667 शब्द कसे जमवायचे? आणि सुरुवात नोव्हेंबरलाच करावी लागते का?

तुम्ही ऐकलेला उपक्रम म्हणजे ‘नॅनोरायमो’. 1999च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बेटी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी, एकूण 21 जणांनी, तो सुरू केला. पुढच्या वर्षापासून तो नोव्हेंबरमध्ये होऊ लागला. तो चालवणाऱ्या संस्थेने 2025च्या मार्चअखेर काम बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आता नाव नोंदवायला कुठे जायचं नाही आणि नोव्हेंबरचं बंधनही नाही. उलट आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे परीक्षा आणि पाहुणे दोन्ही असतात, त्यामुळे तो महिना सोडलेलाच बरा. नवरात्रही सोडा. मध्यरात्री गरब्याहून परतून कुणी पाच पानं लिहीत नाही. सेमिस्टर सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की पुढचे तीस दिवस सहसा मोकळे सापडतात. इंटर्नलच्या तारखा लागल्या की कॅलेंडर उघडून तसे तीस दिवस आखून घ्या.

आता आकड्याबद्दल. 50,000 हा इंग्रजीचा आकडा आहे, तो मराठीला जसाच्या तसा लावू नका. ‘ऑन द स्टेप्स ऑफ द ओल्ड हाउस’ हे सात शब्द आहेत, आणि मराठीत ‘जुन्या घराच्या पायऱ्यांवर’ एवढे तीनच. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, म्हणून तेवढ्याच मजकुराला मराठीत शब्द कमी लागतात. आम्ही 40,000 सुचवतो. छापील पुस्तकाच्या नेहमीच्या (डेमी) आकारात त्याची साधारण दीडशे पानं होतात, आणि तेवढी कादंबरी पुरेशी अंगाची असते.

40,000 भागिले 30 करून रोजचे 1,333 काढू नका. तुमचे दिवस सारखे नसतात. सोमवार ते शुक्रवार 1,100, शनिवारी 1,800, रविवारी 2,500. आठवड्याचे झाले 9,800, चार आठवड्यांचे 39,200. उरलेले दोन दिवस राहिलेल्या 800 शब्दांसाठी आणि मध्ये पडलेल्या खाड्यांसाठी. इंटर्नल असेल त्या दिवशी फक्त 300, पण शून्य नाही. शून्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रांचा आवाज पुन्हा कानात यायलाच अर्धा तास जातो.

1,100 शब्दांना दीड तास धरा, तोही तुकड्यांत: सकाळी घरातले उठायच्या आत 25 मिनिटं, दोन लेक्चरांच्या मधल्या वेळात 25, रात्री 40. विद्यापीठातच शिकत असाल तर मधल्या तुकड्यासाठी हंसा मेहता ग्रंथालय उत्तम. कॅन्टीनमध्ये बसलात तर गप्पाच होतील. तीन दिवस बुडाले तर 3,300 शब्दांची तूट एका रात्रीत भरून काढू नका. पुढच्या वीस दिवसांवर पसरली तर रोजचे 165 शब्द वाढतात, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं.

वहीत लिहीत असाल तर सुरुवातीला तीन भरलेली पानं घेऊन शब्द मोजा आणि सरासरी काढा. पुढे पानंच मोजायची. रेघी मोठ्या पानावर 24 ओळी आणि ओळीला नऊ शब्द बसत असतील तर पाच पानांत दिवसाचं काम होतं.

आणि पहिल्या तारखेच्या आधीचे दहा दिवस तयारीचे. हे जो टाळतो तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात अडकतो. पोस्टकार्डाएवढ्या वीस चिठ्ठ्या घ्या, एका चिठ्ठीवर एक प्रसंग. कोण, कुठे, त्याला काय हवंय, काय आडवं येतंय, प्रसंग संपताना काय बदललंय, एवढंच लिहायचं. ‘काय बदललंय’ पुढे काही सुचत नसेल तर तो प्रसंग काढून टाका. वीस प्रसंग, प्रत्येकी 2,000 शब्द: कॉलेजच्या दिवसांत दोन दिवसांना एक प्रसंग पडतो.

प्रश्न: मी रोज आणंदहून लोकलने बडोद्याला येतो-जातो. लिहायला हाताशी फोनच आहे. बोलून टाइप केलेलं चालेल का?

घरी चालेल, गाडीत नाही. डब्यातला आवाज, शेजाऱ्यांचे कान, आणि मराठी बोलून टाइप करताना विरामचिन्हांचा भरवसा नसतो. विशेषनामं तर हमखास चुकतात. पात्राचं नाव ‘रेवा’ असेल तर कधी ‘रेवा’, कधी ‘रेखा’, कधी ‘देवा’ उमटेल, आणि महिन्याअखेर ते शोधत बसणं जिवावर येईल.

गाडीत उभं राहून एका अंगठ्याने लिहायला संवाद सगळ्यात सोपे. वर्णन बसायला जागा मिळाल्यावर. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणारा कीबोर्ड वापरत असाल तर ळ-ल, ण-न आणि अनुस्वार यांच्या चुका होणारच. त्या वाटेत दुरुस्त करू नका. रोज तासभर लिहायचंच आहे, तर आधीच्या दहा दिवसांत थेट देवनागरी कीबोर्डची सवय करा. पहिले तीन-चार दिवस वेग निम्म्यावर येतो, मग वाढतो.

प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी ठेवा. शंभर पानांची एकच फाइल फोनवर अडखळत उघडते आणि चुकून काही पुसलं गेलं तर लक्षातही येत नाही. नावात क्रमांक आणि तारीख घाला. गूगल डॉक्समध्ये ऑफलाइनची सोय घरून निघतानाच चालू करा, कारण वाटेत रेंज जाते. रात्री त्या दिवसाची फाइल स्वतःलाच मेल करा. मजकूर कुणाकडून टाइप करून घेणार असाल तर आधी ‘युनिकोडमध्येच’ असं सांगा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसते.

प्रश्न: दहाव्या दिवशी 12,000 शब्द झाले आणि गोष्टच संपली. दांडिया बाजारातला वाडा विकण्यावरून एका कुटुंबात फूट पडते, अशी कथा आहे. आता उरलेले 28,000 शब्द कुठून आणू?

पाणी घालून वाढवू नका. तुमची गोष्ट संपलेली नाही, तुम्ही ती सांगून टाकली आहे. पत्रासोबत पाठवलेल्या पानातली ही तीन वाक्यं बघा: ‘आजोबांनी वाडा विकायला नकार दिला. घरात रोज भांडणं होऊ लागली. शेवटी काका वेगळे झाले.’ तीन वाक्यांत सगळं घर फुटलं, आणि वाचकाने काहीच पाहिलं नाही. यातलं पहिलंच वाक्य घ्या आणि माणसांना खोलीत आणा:

‘दलाल आला तेव्हा आजोबा झोपाळ्यावर होते. काकांनी स्टुलावर कागद ठेवले, वर पेन ठेवलं. आजोबांनी पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि काकांच्या खिशात परत अडकवलं. “चहा घ्या,” ते दलालाला म्हणाले. काकूने आतून कप आणले ते दोनच.’

इथे ‘नकार’ हा शब्द नाही, तरी नकार दिसतो. शिवाय एक नवा प्रश्न उभा राहिला: काकूने कप दोनच का आणले? ती कुणाच्या बाजूची? या प्रश्नात पुढचे 2,000 शब्द आहेत. तुमच्या 12,000 शब्दांत ‘होऊ लागलं’, ‘करायचे’, ‘शेवटी’, ‘हळूहळू’ हे शब्द जिथे जिथे आहेत तिथे खूण करा. बहुतेक ठिकाणी एकेक प्रसंग दडपलेला सापडेल.

दुसरं कारण असं दिसतं की तुमच्या कथेत फक्त दोन माणसांना काहीतरी हवंय: आजोबांना वाडा, काकांना पैसे. बाकीचे उभे आहेत. काकूला काय हवंय? तळमजल्यावरच्या भाडेकरूला? शिकायला बाहेरगावी जायचंय, त्यासाठी पैसे लागणार आहेत, पण आजोबांवर जीव आहे अशी नात असेल तर? आणखी दोन जणांच्या इच्छा एकमेकींच्या आड आणल्या की कथानक आपोआप रुंदावतं. वीस मिनिटं घड्याळ लावून प्रत्येक पात्राच्या तोंडून ‘मला हा वाडा...’ असं सुरू होणारं एक पान लिहा. ही पानं कादंबरीत आली नाहीत तरी चालतील.

तिसरी गोष्ट, मागे जाऊन पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा घासू नका. दहा दिवसांत ते चार वेळा सुधारल्याचं तुम्हीच लिहिलंय. या महिन्यात फक्त पुढे जायचं. नातीचं वय सोळावरून एकोणीस करायचं ठरलं तर त्या क्षणापासून ती एकोणीसची, मागचं नंतर बघू. वाड्याच्या कागदपत्रांसारखी माहिती हवी असेल तर तिथे ‘##’ अशी खूण करून ‘मालमत्ता पत्रकावर कुणाचं नाव, विचारणे’ एवढंच टाका आणि पुढचं वाक्य लिहा. रविवारी फाइलमध्ये ‘##’ शोधलं की सगळ्या शंका एकत्र मिळतात, मग एकाच फेरीत विचारून घ्या. जुन्या मराठी पुस्तकांसाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहेच, सयाजीरावांनी 1910 मध्ये सुरू केलेली. पण तिथे लिहायच्या वेळात जायचं नाही. संदर्भ शोधण्यात दुपार सहज जाते आणि काम केल्यासारखं वाटतं, हाच त्यातला धोका आहे.

प्रश्न: माझी पात्रं बडोद्याची आहेत. घरात मराठी, बाहेर गुजराती. संवाद गुजरातीत लिहिले तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळतील का? की सगळं प्रमाण मराठीत आणू?

सगळं प्रमाण मराठीत आणलंत तर बडोदं निघून जाईल. गुजराती वाक्य देवनागरीत लिहा, तीन-चार शब्दांहून मोठं नको, आणि अर्थ उत्तरातून उलगडू द्या. शेजारचे पटेलकाका दारातूनच म्हणतात, ‘चालो, चा मूको!’ आणि आई आतून ओरडते, ‘ठेवते, पण साखर कमी घालणार हं.’ कंसात अर्थ द्यायची गरज राहिली नाही. लांबलचक भांडण असेल तर पहिलं वाक्य गुजरातीत, पुढे मराठीत, वाचक समजून घेतो. घरातल्या मराठीत मिसळलेले ‘पोळ’ (घरांची चिंचोळी गल्ली), ‘हिंचको’ असे शब्द ज्या पात्राच्या तोंडी असतील त्याच्याच तोंडी ठेवा. आजी ‘झोपाळा’ म्हणते आणि नात ‘हिंचको’, एवढ्यावरून दोन पिढ्या दिसतात. कोण काय म्हणतं याची एक यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा, नाहीतर विसाव्या प्रकरणात आजीही ‘हिंचको’ म्हणू लागेल.

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हे कादंबरीचं घेऊन बसलाय. आम्ही काळजीत आहोत. थांबवावं का? आणि लिहून झालीच तर ती छापायला कुठे द्यायची?

थांबवू नका, पण आधी दोन अटी बोलून घ्या. उपस्थिती कॉलेजच्या अटीच्या खाली जायची नाही, आणि रात्री साडेअकराला वही बंद. झोप कापून लिहिलेल्याची बरीच पानं नंतर फेकावी लागतात, शिवाय सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं ते वेगळंच. एखाद्या इंटर्नलमध्ये मार्क घसरले तर लिखाण बंद करायला लावू नका, रोजचा आकडा निम्म्यावर आणा. महिन्याचे दोन महिने होतील, काही बिघडत नाही. आणि कृपा करून मधेच वाचायला मागू नका. कच्च्या खर्ड्यावर वडीलधाऱ्यांनी काढलेली एक चूकसुद्धा पुढची पानं अडवते.

छापायचं म्हणाल तर लगेच कुठेच द्यायची नाही. महिन्याअखेर हातात असतो तो खर्डा. तो निदान सहा आठवडे बाजूला ठेवायचा, सेमिस्टरची परीक्षा तेवढ्यात उरकते. मग प्रिंट काढायची, दीडपट ओळअंतर आणि उजवीकडे मोठा समास सोडून. सव्वाशे-दीडशे पानं होतील. मोठ्याने वाचायची, कारण अडखळणारं वाक्य डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळतं. पहिल्या वाचनात फक्त प्रसंगांचा क्रम आणि गाळायचे प्रसंग, दुसऱ्यात संवाद, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. पुनर्लेखनाला सुट्ट्या धरून तीन-चार महिने लागतात. त्यानंतर प्रकाशकाला आधी पानभर कथासार आणि पहिली दोन प्रकरणं पाठवा. लेखकाकडूनच पैसे मागणारा भेटला तर किती प्रती छापणार, त्या कुठे ठेवणार आणि हक्क कुणाकडे राहणार हे लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.