समोरच्या दाताच्या इम्प्लांटवर सिमेंटने चिकटवलेली कॅप चालेल का?

चालते, पण सिमेंट कुठवर गेलंय याकडे डॉक्टरांचं बारीक लक्ष हवं.

वरच्या पुढच्या दातांचं हाड तिरकं असतं, त्यामुळे इम्प्लांटही (हाडात बसवलेलं दाताचं कृत्रिम मूळ) बरेचदा ओठाकडे कललेलं बसतं. तिथे स्क्रूची कॅप लावली तर स्क्रूचं भोक नेमकं दर्शनी बाजूला येतं. हसताना ते दिसू नये म्हणून सिमेंटचा पर्याय निवडतात. दिसायला तो खरंच छान असतो.

खरी भीती हिरडीखाली उरलेल्या सिमेंटची. कॅप दाबून बसवली की जास्तीचं सिमेंट कडेने बाहेर येतं आणि काही हिरडीत शिरतं. तांदळाच्या कणीएवढा तुकडासुद्धा पुढे हिरडी सुजवतो, पू आणतो, हाड झिजवतो. २००९ मधल्या विल्सन यांच्या अभ्यासात इम्प्लांटभोवती आजार झालेल्या ८१ टक्के ठिकाणी असं उरलेलं सिमेंट सापडलं होतं. ते काढल्यावर बहुतेकांचा त्रास थांबला.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: अ‍ॅबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप जोडणारा भाग) माझ्या हिरडीच्या मापाने बनवणार का? कॅपची कड हिरडीखाली फार खोल नाही ना? एक मिलिमीटरच्या आत असेल तर सिमेंट साफ करणं सोपं जातं. एक्स-रेत दिसणारं सिमेंट मागा. काही रेझिन सिमेंट नीट दिसतच नाहीत.

कल साधारण २५ अंशांपर्यंत असेल, तर तिरक्या मार्गाचा स्क्रू वापरून भोक मागे नेता येतं. तुमच्या इम्प्लांटला तो भाग मिळत असेल तर मी तोच घ्या म्हणेन.

कॅप आधीच बसली असेल आणि ब्रश करताना तिथेच रक्त येत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा.